न्हाणीघराची फरशी

नागपुरात जुनी घरे दुरुस्त करण्याच्या व्यवसायात, आणि त्यातही विशेषेकरून जुनी न्हाणीघरे उकलून ती नव्याने बांधून देण्याच्या कामात, माझ्या आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडला. नवी इमारत उभारणाऱ्यास जो मान मिळतो तो दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्यास सहसा येत नाही. तथापि घर कसे वागते हे ज्यास खरोखर जाणून घ्यावयाचे असेल त्याने जुन्या घराच्या मोरीत उतरावे, असे मला अनुभवान्ती वाटत आले आहे. कोणी कोठे सिमेंट वाचविले, कोणी उताराकडे दुर्लक्ष केले, पाणी कोणत्या फटीतून शिरून कोणत्या भिंतीत मुरले, ही सारी कैफियत फरशी उचलताच समोर मांडली जाते, आणि ती मांडण्यास कोणा साक्षीदाराची गरज लागत नाही. पाच फूट रुंद आणि आठ फूट लांब, एवढीच बहुधा ती जागा असते; परंतु घरातील वृद्ध, बालक, रुग्ण आणि गर्भिणी या सर्वांस दिवसातून एकदा तरी तेथे अनवाणी, ओल्या अंगाने आणि एकटे उभे राहावे लागते, आणि ज्या प्रसंगी मनुष्य इतका निराधार असतो त्या प्रसंगी त्याच्या पायाखाली काय आहे, हा प्रश्न मला या सर्व व्यवसायातील सर्वांत गंभीर प्रश्न वाटतो.

फरशीची निवड मात्र या प्रश्नापासून फार दूर, एका लखलखीत दुकानात होते. तेथे दिव्यांचा उजेड भरपूर असतो, टाइल्स उभ्या फळ्यांवर मांडलेल्या असतात, जमीन कोरडी असते आणि गिऱ्हाइकाच्या पायांत चपला किंवा बूट असतात. भिंतीची टाइल आणि जमिनीची टाइल एकाच फळीवर शेजारी शेजारी उभी असल्यामुळे दोहोंचा विचार एकाच दृष्टीने, म्हणजे केवळ डोळ्यांच्या दृष्टीने, केला जातो. भिंतीपुरते ते ठीक आहे. परंतु जमीन ही डोळ्यांची वस्तू नव्हे, ती तळव्यांची वस्तू आहे. ती कोरडी पाहून निवडता येत नाही आणि उभी पाहून तर मुळीच निवडता येत नाही. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबास मी प्रथम हेच सांगत आलो की, आधी जमीन ठरवा, ती ओली करून ठरवा, आणि मग तिला शोभेल अशी भिंत शोधा. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो.

जुन्या लोकांना ही गोष्ट निराळी सांगावी लागत नसे. शहरातील महाल भागातल्या एका भोसलेकालीन वाड्याची वाटणी झाल्यावर त्याचा एक भाग दुरुस्त करण्याचे काम मजकडे आले होते. त्या वाड्यातील न्हाणी काळ्या दगडाची होती, आणि त्या दगडांवर पाथरवटाने टाकीचे बारीक घाव दिलेले होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने घाव बोथट झाले होते, तरी पाणी ओतून त्यावर उभे राहिले असता पाय जागचा हलत नसे. घरातील तरुण मंडळींस तो काळा दगड काढून टाकण्याची फार घाई झाली होती, आणि अंधाऱ्या न्हाणीस उजेड हवा ही त्यांची मागणी रास्तच होती. आम्ही भिंतींस पांढऱ्या टाइल्स लावल्या, वर झरोका वाढविला, आणि दगड जसाच्या तसा ठेवून फक्त त्याच्या सांध्यांतील जुना चुना खरवडून ते पुन्हा भरून काढले. उजेड आला, आणि जमीनही टिकली.

अशा वाड्यांच्या काळानंतर शहर पसरत गेले. नागपूर सुधार प्रन्यासाची स्थापना १९३६ सालची. त्या प्रन्यासाने आखलेल्या लेआउटांतून जी बैठी घरे उठली त्यांच्या न्हाणीघरांत शहाबादी फरशी किंवा कोटा, भिंतीला कमरेपर्यंत सहा इंची चौरस पांढरी टाइल आणि त्यावर रंगाचा हात, अशी जवळजवळ ठरलेली रीत होती. ओटीवर व बैठकीत मोझाइकच्या लाद्या असत. अशा सिमेंटच्या लाद्या देशातच घडविण्याचा उद्योग स्वदेशीच्या प्रेरणेने मुंबईत १९२२ साली भारत टाइल्सने सुरू केला होता, आणि पुढे त्या धर्तीचे लहान कारखाने गावोगावी निघाले. या सर्व मालात निवडीस वाव थोडा होता, म्हणून चुकीसही वाव थोडा होता. आज गुजरातेतील मोरबी शहराभोवतीच्या शेकडो कारखान्यांतून जो माल मालमोटारींनी हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कापून नागपुरास येतो, त्यातील नमुन्यांची गणती दुकानदारासही करता येत नाही. साधारण २०१० नंतर टाइलवर यंत्राने शाईचे फवारे मारून चित्र उमटविण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली, आणि तेव्हापासून लाकूड, संगमरवर, विणलेले कापड, यांपैकी कशाचेही रूप टाइलवर येऊ लागले. रूप बदलण्यास आता काही अडचण उरली नाही. पृष्ठभागाचा गुणधर्म मात्र त्या चित्राखाली झाकला गेला, आणि तो ओळखण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येऊन पडली.

माझ्या विचारांना कायमचे वळण देणारा प्रसंग मानेवाड्याकडील एका घरात घडला. एका निवृत्त शिक्षकाने आयुष्याच्या मिळकतीतून घर नवे करून घेतले होते, आणि न्हाणीघरात संगमरवरासारखी दिसणारी, आरशाप्रमाणे चकाकणारी दोन फुटी व्हिट्रिफाइड फरशी बसविली होती. ते काम दुसऱ्या कोणाचे होते. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या वृद्ध मातोश्री साबणाच्या पाण्यावरून घसरल्या व त्यांचे खुब्याचे हाड मोडले. फरशी बदलण्यासाठी मला बोलाविले तेव्हा त्या आतल्या खोलीत अंथरुणावर होत्या. मी मोजमाप घेत असता त्यांनी मला हाक मारून जवळ बसविले आणि म्हणाल्या, "भाऊ, माझ्यासाठी नको, आता मी कुठं जाते तिकडं. पण सुनेला दिवस गेले आहेत, तिच्यासाठी नीट करा." त्या फरशीत उत्पादनाचा काहीही दोष नव्हता. बैठकीच्या खोलीसाठी ती उत्तमच होती. जी वस्तू जेथे घालू नये तेथे ती घातली गेली होती, एवढेच. आणि दुकानात, घरात किंवा कामावर, कोणीही एक तांब्या पाणी तिच्यावर ओतून पाहिले नव्हते.

तांब्याभर पाणी ओतण्याची ही युक्ती मला भंडारा जिल्ह्यातील एका वयोवृद्ध मिस्त्रीने शिकविली. हा मनुष्य फारसा लिहिणारा-वाचणारा नव्हता, परंतु त्याच्या हाताखालून गेलेली फरशी मी पुन्हा कधी उचललेली पाहिली नाही. मालकासोबत दुकानात गेला की तो नमुन्याची टाइल खाली जमिनीवर आडवी ठेवी, तिच्यावर पाणी आणि थोडा साबण टाकी, चपला काढून एक पाय तिच्यावर ठेवी आणि टाच मागेपुढे फिरवून पाही. दुकानातील नोकरांना ते आवडत नसे. तो शांतपणे म्हणे, "वल्ली करून पाह्यल्याशिवाय समजत नाही जी." पुढे मला कळले की युरोपात ही परीक्षा प्रयोगशाळेत होते: उतरत्या फळीवर टाइल्स बसवून त्यांवर माणूस चालवितात, फळी हळूहळू अधिक तिरपी करतात, आणि तो कोणत्या कोनात घसरू लागतो त्यावरून वर्ग ठरवितात. जर्मन मानकाप्रमाणे पादत्राणांसह चालण्यासाठी आर ९ पासून आर १३ पर्यंत, आणि ओल्या अनवाणी पायांसाठी ए, बी, सी असे चढते वर्ग आहेत. न्हाणीघरासाठी यांपैकी अनवाणी पायांचा बी वर्ग पाहावा. चांगल्या कंपन्यांच्या सूचिपत्रात हे आकडे छापलेले असतात, पण ते विचारणारा गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिला. आकडा न मिळाला तर मिस्त्रीची परीक्षा आहेच. अतिशय खरखरीत टाइलही मात्र घेऊ नये, कारण तिच्या खाचांत साबणाचा मळ व क्षार साचतात, आणि मळाचा थर ओला झाला म्हणजे तीही निसरडी होते.

जमिनीसाठी मी स्वतः बारा इंची चौरस, मंद रंगाची, अनवाणी पायास सौम्य वाटेल अशी मॅट टाइल पसंत करतो. आकाराचे कारण उतारात आहे. न्हाणीघराच्या जमिनीस चार फुटांमागे निदान अर्धा इंच उतार नहानी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडे, द्यावा लागतो, आणि तो चारही बाजूंनी द्यावयाचा असल्यामुळे जमीन वस्तुतः सपाट नसून उथळ खोलगट असते. लहान टाइल्स अशा जमिनीवर वळून बसतात, सांधे अधिक असल्यामुळे पायास आधारही अधिक मिळतो. चार फूट लांबीची टाइल तेथे घातली की ती कापून तिरके तुकडे करावे लागतात, नाहीतर तिच्या एका टोकाशी पाणी थांबते. पाणी जेथे थांबते तेथे चार महिन्यांत काळी रेषा उमटते, आणि मग ती काढण्यासाठी घरात ॲसिडची बाटली येते.

भिंतीच्या टाइलचा विचार निराळ्या अंगाने करावा लागतो. टाइल किती पाणी पिते, यावर तिची जात ठरते. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत (आय. एस. ओ. १३००६) वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषणारी टाइल एका टोकास आणि अर्धा टक्का किंवा त्याहून कमी शोषणारी दुसऱ्या टोकास येते, आपल्या भारतीय मानक ब्यूरोचेही या मालासाठी आय. एस. १५६२२ हे स्वतंत्र मानक आहे. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल पहिल्या जातीची आणि व्हिट्रिफाइड दुसऱ्या जातीची. दुकानात हे ओळखण्यास टाइल उलटी करून तिच्या पाठीवर पाण्याचे दोन थेंब टाकावेत: सिरॅमिकच्या पाठीत ते पाहता पाहता मुरतात, व्हिट्रिफाइडवर तसेच उभे राहतात. ही बाब कामाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. पाणी पिणारी टाइल आधी पाण्यात भिजवून मग सिमेंटवर लावावी लागते, अन्यथा ती सिमेंटातील ओलावा ओढून घेते व सिमेंट भुकटीसारखे मरते. न पिणाऱ्या टाइलला साधे सिमेंट धरतच नाही. तिला रासायनिक लेप, ज्यास बाजारात ॲडेसिव्ह म्हणतात, तोच लागतो. चार फूट बाय दोन फूट आकाराची, नऊ मिलिमीटर जाडीची एक व्हिट्रिफाइड टाइल सुमारे चौदा-पंधरा किलो भरते. एका सदनिकेत अशी टाइल जुन्या रीतीने साध्या सिमेंटवर भिंतीला लावलेली होती. काही महिन्यांनी भर दुपारी, घरात कोणी आत नसताना, ती सबंध निखळून खाली आली. त्या घरात लहान मुले होती. बाकीच्या टाइल्स आम्ही ठोकून पाहिल्या तेव्हा बहुतेकांतून पोकळ आवाज आला, आणि सर्व भिंत उतरवावी लागली. म्हणून टाइल निवडताना तिच्या चौरस फुटाच्या दराबरोबर ती लावण्याच्या साहित्याचा दरही अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

नागपूरचे हवामान व पाणी यांचाही या निवडीत वाटा आहे, आणि मुंबई-पुण्याच्या मासिकांतील चित्रे पाहून येणारी मंडळी तो विसरतात. पेंच व कन्हान येथून येणारे महापालिकेचे पाणी जेथे पोचते तेथे प्रश्न सौम्य आहे. परंतु बाहेरच्या लेआउटांत, जेथे बोअरवेलवर भागवावे लागते, तेथे पाणी जड असते. गडद निळी किंवा काळी चकचकीत टाइल अशा घरात घातली तर महिन्याभरात तिच्यावर क्षारांचे पांढरे ओघळ दिसू लागतात. गृहिणी ते घासून काढते, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा येतात, आणि अखेर ॲसिडचा उपयोग होतो. ॲसिडने टाइल काही काळ उजळते खरी, पण सांध्यांतील सिमेंट विरघळते. सांधे उघडे पडले की पाणी खाली उतरते, आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छताला ओल येते. दोन शेजाऱ्यांमधील वर्षानुवर्षांच्या तक्रारी मी या मार्गाने सुरू झालेल्या पाहिल्या आहेत. बोअरवेलचे पाणी असेल तर फिकट राखी, मातकट किंवा दुधी रंगाची टाइल घ्यावी, सांध्यांत साध्या पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरावे, आणि ॲसिड घरात येऊच देऊ नये, असा माझा आग्रह असतो. कोटा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड असल्यामुळे त्यांस तर ॲसिड सरळ खाते.

उष्म्याचेही तसेच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि मुलांच्या सुट्या असल्यामुळे दुरुस्तीची कामे नेमकी त्याच महिन्यात काढली जातात. सिमेंटातील पाणी उन्हाच्या झळांनी उडून जाते व पकड कच्ची राहते. म्हणून त्या दिवसांत मी सकाळच्या प्रहरीच लावणीचे काम करवितो आणि दुपारी मिस्त्रीस कटिंगचे काम देतो. शहराच्या पश्चिम व दक्षिण भागांतील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरील घर सूक्ष्म हालचाल करीतच राहते. टाइलला टाइल भिडवून, मध्ये केसाएवढीही जागा न ठेवता केलेली फरशी दिसते सुंदर, परंतु थंडीच्या एखाद्या रात्री ती मोठा आवाज करून मध्येच वर उठते व घरचे लोक घाबरून जागे होतात. दोन मिलिमीटरचा सांधा ठेवण्यास पुष्कळांचा विरोध असतो, कारण त्यांना सलग शिळेचा भास हवा असतो. या एका बाबतीत मी मालकाची मर्जी राखीत नाही.

हिशेबाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यात गाफील राहिल्याने चांगली निवडही वाया जाते. पाच बाय आठच्या न्हाणीघराची परिमिती सव्वीस फूट; सात फूट उंचीपर्यंत टाइल लावावयाची तर भिंतीचे क्षेत्र १८२ चौरस फूट होते, त्यातून अडीच फुटी दार वजा जाता सुमारे १६५ उरते. तूटफूट व कटिंगसाठी दहा टक्के धरले की १८१. बारा बाय अठरा इंची टाइलची सहा नगांची पेटी प्रत्यक्षात पावणेनऊ चौरस फुटांच्या आसपास भरते, म्हणजे एकवीस पेट्या. बाविसावी पेटी मी हट्टाने घ्यावयास लावतो. पेटीवर शेड व बॅच यांचे क्रमांक असतात, आणि पुढच्या वेळी भट्टी लावली की तोच नमुना किंचित निराळ्या छटेने उतरतो. सहा महिन्यांनी एक टाइल फुटली आणि दुकानात गेले तर नाव तेच मिळते, रंग मात्र तो नसतो. माल उतरवून घेतानाच प्रत्येक पेटीवरील क्रमांक रुजू घालून पाहावा, वेगळा निघाल्यास पेटी तेथल्या तेथे परत करावी. एकदा भिंतीवर चढलेल्या टाइलची तक्रार कोणी ऐकून घेत नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात, २२ तारखेच्या रात्री व २३ च्या पहाटे, ढगफुटीसारखा पाऊस होऊन अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत नाग नदीचे पाणी घुसले. त्यानंतर कित्येक महिने माझे काम त्याच भागात होते. गटाराचे पाणी न्हाणीघरांच्या जाळ्यांतून उलटे वर आले होते. चिखल धुऊन काढल्यावर टाइल्स नव्यासारख्या दिसत, आणि लोकांस वाटे की न्हाणीघर तेवढे वाचले. परंतु काचेचा थर असलेली टाइल भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही. ती ओल मग वर चढते व टाइल संपते तेथल्या गिलाव्यास फुगवटे आणते. ज्यांनी पूर ओसरताच घाईने वरचा भाग रंगवून घेतला त्यांचा रंग दिवाळीपूर्वीच गळाला. आम्ही खालची एक ओळ उतरवून विटा उघड्या ठेवल्या, आणि त्या पूर्ण सुकल्याशिवाय नवी टाइल चढविली नाही. कित्येक कुटुंबांस एवढा काळ उघड्या भिंतीच्या न्हाणीघरात काढणे फार जड गेले. त्यांच्या सोशिकपणाविषयी मला आजही आदर वाटतो.

या सर्व अनुभवानंतर पैशाची वाटणी कशी करावी याविषयी माझे मत पक्के झाले आहे. जुनी फरशी पूर्ण उचलावी, स्लॅबपर्यंत जावे, जलरोधक थर नीट द्यावा, जाळी बंद करून निदान दोन दिवस पाणी भरून ठेवावे व खालच्या घरी जाऊन छत पाहून यावे. हा खर्च कोणास दिसत नाही, म्हणून तो सर्वांत आधी कापला जातो, आणि वाचलेल्या रकमेतून टाइलचा दर वाढविला जातो. मी गिऱ्हाइकांस नेहमी विनंती करतो की काटछाट करावयाची असेल तर टाइलच्या दरात करा. साध्या टाइलचे न्हाणीघर पंचवीस वर्षे निर्धास्त चालते.

अलीकडेच धंतोलीतील एका जुन्या घराचे काम झाले. घरात एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या घरातील बाई, आणि त्यांची परदेशातून आलेली मुलगी. मुलीने भ्रमणध्वनीवर पुष्कळ चित्रे आणली होती. बाईंचे म्हणणे एवढेच की त्यांच्या यजमानांनी लावून घेतलेल्या भिंतीच्या सहा इंची पांढऱ्या टाइल्स काढू नयेत. ठोकून पाहता भिंत भरीव निघाली, म्हणून मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो. ज्या थोड्या टाइल्स तडकल्या होत्या त्यांच्या जागी परसातल्या निकामी हौदाच्या टाइल्स मिस्त्रीने सांभाळून सोडवून बसविल्या, आणि छटा जुळली. जमिनीसाठी आम्ही तीन नमुने घरीच आणले, अंगणात आडवे मांडले, त्यांवर साबणाचे पाणी टाकले, आणि बाईंना खुर्चीत बसवून एकेकावर पाय ठेवावयास सांगितले. मुलीस आवडलेला नमुना पहिला होता. बाईंनी तिसऱ्यावर पाय ठेवला, टाच थोडी फिरविली, आणि म्हणाल्या, "हीच लाव गं, इथं मला धरून उभं राहावं लागणार नाही." मुलीने तत्काळ होकार दिला व दुकानदारास त्याच दिवशी मागणी कळविली. भिंतीला आधाराच्या दोन दांड्या बसविण्याचे मीच सुचविले होते; तेही काम त्याच आठवड्यात उरकले.